मयताचं कापड

आमचा धंदा चिंध्यांचा. हे सांगताना पुष्कळांची जीभ अडखळते, माझी नाही. नगर रस्त्याला जे कारखाने आहेत त्यांना मशीन पुसायला आणि सांडलेलं तेल टिपायला जुनं सुती कापड लागतं. नवं चालत नाही. नवं कापड तेल पीत नाही, नुसतं इकडचं तिकडं करतं. अंगावर वापरून, धुऊन धुऊन मऊ पडलेलंच पाहिजे. ते गोळा करायचं, निवडायचं, वितीएवढे तुकडे करायचे आणि दाबून गठ्ठा बांधून द्यायचा. शिरूरला नदीच्या अंगाला आमची पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही नवराबायकोनं हे काम केलं.

खरं बोलायचं तर काम तिचं होतं. मी मार्केट यार्डात हमाली करायचो. पाठ कामातून गेल्यावर तिच्या हाताखाली आलो. सुती कापड कुठलं आणि पॉलिस्टर मिसळलेलं कुठलं हे मला हाताला कळायचं नाही. ती म्हणायची, "पोती उचलून उचलून अक्कल बी तिथंच ठिवून आला का?" तिला डोळे मिटून कळायचं.

ती विळीवर बसायची. पाटाला उभं पातं ठोकलेलं. आधी बटणं, हुक, चेन काढायची, मग काठ सोडवायचा. काठ कडक असतो, पॉलिश केलेल्या लोखंडावर चरा पाडतो. उरलेलं कापड दोन हातांत धरून पात्यावरून ओढलं की तुकडा पडला. बोहारणी भांड्यांच्या बदल्यात घरोघरचे जुने कपडे घ्यायच्या आणि गाठोडी आणून आमच्या दारात टाकायच्या. कुठल्या बोहारणीचा माल कसा, कोण ओला करून वजन वाढवते, कोण मधे पडद्याचं कापड घुसवते, हे सगळं तिच्या डोक्यात.

मयताचे कपडे मात्र ती घेत नव्हती. गाठोडं सोडलं की तिला कळायचं. जित्या माणसाचं कापड एकेक येतं. फाटलं की देतात, डाग पडला की देतात. मेलेल्याचं सगळं एकदम येतं, धुतलेलं, घडी घातलेलं, आणि त्यात एखादं ठेवणीतलं असतं. असं दिसलं की ती विचारायची, कुणाच्या घरचं गं? बोहारीण उडवाउडवी करायला लागली की गाठोडं पुन्हा बांधून तिच्या पुढ्यात. कुणाला तरी अंगावर घालायला दे म्हणायची, पुसायला देऊ नको. एकदा मी तिच्यावर चिडलो. एवढा चांगला माल परत घालवतीस, कारखान्याला काय कळणार हाय, म्हणालो.

"कारखान्याला नसंल कळत," ती म्हणाली. "पुसून झालं की ते भट्टीत टाकत्यात. माणसानं एकदाच जळावं."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तेव्हा कारखान्यात स्टोअरचे एक साहेब होते. गठ्ठा नेला की मधूनच एक तुकडा ओढायचे आणि स्वतःच्या चष्म्याची काच पुसून बघायचे. काच स्वच्छ निघाली की माल पास. माल लागला की फोन करायचे, आणि आम्हाला दोन दिवस उशीर झाला तर शिव्या घालायचे, पण कारण विचारून मग घालायचे. ते निवृत्त झाले आणि सगळं फोनवर आलं. पोर्टल म्हणतात त्याला. आम्हाला एक नंबर मिळाला, तो नंबर म्हणजे आम्ही. तो बायकोच्या नावावर घेतला, कारण अर्जाला तिचे कागद होते. आम्हा दोघांना ते चालवता येत नव्हतं, म्हणून दौंडला दिलेली आमची मुलगी तिच्या फोनवरून बघायची आणि आम्हाला सांगायची.

मग स्टोअरात पेटी आली. चिंध्यांची पेटीच वजनकाट्यावर ठेवलेली. आतला माल कमी झाला की पेटी आपणच ऑर्डर टाकते. माणूस मधे कुणी नाही. ऑर्डर पडली की किती किलो आणि कुठल्या दिवशी कुठल्या तासाला आणायचं ते येतं. त्या तासाला स्लॉट म्हणतात. स्लॉट चुकला की लाल खूण. माल खराब निघाला की लाल खूण. तीन लाल झाले की नंबर बंद, आणि आमच्यासारख्याला नवा नंबर देत नाहीत, त्याला आता जी सर्टिफिकिटं लागतात ती आमच्याकडं नाहीत. मुलीनं हे समजावून सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, "पेटीला भूक लागल्याली कळती, मला ताप आल्याला कळायचा न्हाई व्हय तिला?"

पण पेटीचं एक खरं. पैसे ठरल्या दिवशी येत होते आणि कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. तीन वर्षं एकही लाल नव्हता. ती मुलीला फोन करून मुद्दाम विचारायची, अजून हिरवंच हाय ना गं.

माघात ती गेली. ताप आला, तिनं तो दोन दिवस विळीवर बसून काढला, तिसऱ्या दिवशी उठता येईना. दवाखान्यात चार दिवस. तेवढंच.

नवव्या दिवशी पेटीनं ऑर्डर टाकली. स्लॉट दहाव्याचा. मी घोडनदीच्या घाटावर कावळ्याची वाट बघत बसलो होतो आणि तिकडं आमचा तास निघून गेला. मुलीच्या फोनवर लाल आलं. तिनं कारखान्यात फोन लावला. तिकडून नीट बोलले, वाईट वाटलं म्हणाले, पण खूण सिस्टिमनं टाकलेली असते, आम्हाला पुसता येत नाही, म्हणाले.

दुसरा लाल माझा. मी विळीवर बसायला लागलो होतो. एका तुकड्यात झंपरचा हुक राहिला. त्यांच्या मशीनवरच्या लोखंडावर चरा पडला. फोटोसकट आलं, तो हुक चांगला मोठा करून दाखवला होता. तिच्या हातून इतक्या वर्षांत एक गेला नव्हता. मी मुलीला म्हणालो, तो फोटो तुझ्या फोनमधून काढून टाक. निघत न्हाई, आप्पा, ती म्हणाली.

तिसरी ऑर्डर शंभर किलोची पडली. आणि माल येईना. बोहारणींचा रस्ता फिरला होता. दौंडच्या बाजूला एक मोठं गोडाऊन झालंय, ते रोज सकाळी फोनवर भाव टाकतं आणि बायकांच्या वस्तीवर गाडी पाठवतं. डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्याकडं कशाला येतील? दोघी आल्या, त्या तिच्यासाठी आल्या. बसून रडल्या, गाठोडं टाकून गेल्या. शिंप्यांकडं गेलो तर सगळी नवी कातरण. जेवढं होतं तेवढं निवडलं, कापलं, काट्यावर घातलं. सहा किलो कमी. स्लॉट उद्या सकाळी अकराचा.

मुलीला फोन केला. कमी नेलं तर चालंल का विचारलं. ती म्हणाली, काटा गेटवरच हाय, आप्पा, कमी भरलं की लाल. मग म्हणाली, "कसं बी करा. आईचा नंबर हाय त्यो. आईचं तेवढंच चालू हाय आता."

दुपारचे तीन वाजले असतील. मी घरात गेलो.

तेराव्याला पाटसवरून तिची बहीण आली होती. लुगडी वाटून टाका, दाजी, घरात ठेवू नये, म्हणाली होती. मी ट्रंकेवर बसून राहिलो आणि तिला हात लावू दिला नव्हता. आता मीच ट्रंक उघडली. सात लुगडी, सुती, नऊवारी. एक तिची पांघरायची चादर. सगळं धुतलेलं, घडी घातलेलं. वरती एक ठेवणीतलं, लेकीच्या लग्नातलं.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सगळं माहीत होतं. ती काय म्हणाली होती तेही कानात होतं. पण मला दुसरं काही दिसत नव्हतं. नंबर गेला तर उद्या सकाळी उठून मी काय करायचं, हेच दिसत होतं. ती ज्या पाटावर बसायची तिथं मी बसायचो, ती जे करायची ते करायचो, म्हणून दिवस सरत होता. तेही गेलं तर मी नुसता म्हातारा.

सात लुगडी आणि चादर मी रात्रीपर्यंत बसून कापली. ठेवणीतलंही कापलं. इतकं मऊ कापड विळीवर आवाजसुद्धा करत नाही. सगळ्या गठ्ठ्यात सारखं मिसळलं, कारण वरनं-खालनं कुठूनही तुकडा काढून बघतात. काट्यावर घातलं. भरलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं नेलं. गेटवर गठ्ठा काट्यावर गेला, ओल मोजायचं टोचणं टोचलं, स्टिकर चिकटवला, तो फोननं टिपला आणि आत गेला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घरी पोचायच्या आत मुलीचा फोन, हिरवं झालं, आप्पा. तिचा आवाज मोकळा झाला होता. मी बरं म्हणालो.

शेडात आलो तर जमिनीवर काठ पडले होते. ते गठ्ठ्यात जात नाहीत. सात लुगड्यांचे काठ, एकात एक गुंतलेले. मी ते उचलून सोडवायला लागलो. कुठल्या काठाला कुठलं अंग होतं ते मला आठवेना. हा लाल काठ हिरव्याचा का निळ्याचा? मी तिथंच खाली बसलो. त्या रात्री जेवलो नाही, आणि सकाळी पहिल्या एसटीनं कारखान्याच्या गेटवर गेलो.

तिथं माणसाशी बोलायची सोय नाही. गेटवर एक पाटी आहे काचेची, तिच्यावर बोट ठेवून सांगायचं कशाला आलाय. माल द्यायला, माल न्यायला, नाहीतर कुणाला भेटायला, आणि भेटायला असेल तर आतल्या माणसाच्या फोनवर नंबर जातो. माझं ह्यातलं काहीच नव्हतं. वॉचमन उत्तरेकडचा, मला ओळखणारा. "बाबा, बिना स्लॉट के अंदर नहीं छोड़ सकता," म्हणाला, आणि बसायला आपली खुर्ची दिली. तीन तास बसलो. मग माल तपासणाऱ्या मॅडम चहाला बाहेर आल्या. नगरकडची पोरगी, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. मी वाटेत आडवा आलो.

कालचा गठ्ठा मला परत द्या म्हणालो. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाचा माल चुकून आणला. मग मी खरं ते सांगितलं. ती चहाचा कप हातात धरून उभीच राहिली. गठ्ठा अजून फोडलेला नव्हता. पेटीत आधीचा माल होता, तो संपल्याशिवाय माझा निघणार नव्हता. मला एवढं ऐकू आलं आणि मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं मला धरून वर केलं.

"आबा, असं नका करू. गठ्ठा बाहेर काढायचा तर रिजेक्ट करावा लागंल. आन् रिजेक्ट केला की तुमचा तिसरा लाल. नंबर बंद होईल. मला परत चालू करता येत नाही, माझ्या वरच्यांनाबी नाही."

"करा रिजेक्ट."

"घरी विचारा आधी."

विचारायला घरी होतं कोण? मुलीला फोन लावला. तिला काहीच माहीत नव्हतं. मी आईची लुगडी गठ्ठ्यात घातली हे सांगितलं. ती जे बोलली ते रडत बोलली, पण शब्द साफ होते.

"आता घातली ना, आप्पा? मग राहू द्या. लुगडी गेली, नंबर तरी राहू द्या. आईनं त्या विळीवर हात कापून घेतलेत. नुसत्या कापडापायी ते बी घालवणार तुम्ही?"

मी म्हणालो, "ते भट्टीत जाईल गं."

"आई गेली भट्टीत," ती म्हणाली. "आपणच दिली."

मी फोन बंद केला. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी मॅडमला म्हणालो, करा.

त्यांनी फोनवर माझ्या नंबरचं पान उघडलं. रिजेक्ट करायचं तर कारण द्यावं लागतं आणि कारणांची यादी तयार असते. त्यांनी मला वाचून दाखवली. वजन कमी. ते होत नव्हतं, काट्यानं भरलेलं लिहिलं होतं. माल ओला. तेही नाही, टोचण्यानं कोरडा लिहिला होता. रंग सुटतो. मिसळ कापड. हुक-बटण सापडले.

"हे शेवटचं टाकते," मॅडम हळू म्हणाल्या. "फोटो लागतो, पण मागचा आहे. पटकन होईल."

"न्हाई."

"आबा, नुसतं नावाला—"

"नावालाच न्हाई. तिच्या नावावर हाय त्यो नंबर. एक हुक गेला त्यो माझ्या हातनं. दुसरा मी तिच्या नावावर टाकू देणार न्हाई."

खाली आणखी एक रकाना होता, इतर. तिथं आपण लिहायचं असतं. काय लिहू, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लिहा, मयताचं कापड हाय. त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. दाबायच्या आधी एकदा माझ्याकडं बघितलं. मग दाबलं.

गठ्ठा यायला दुपार झाली. ढकलगाडीवरून वॉचमननं आणि मी तो बोलावून घेतलेल्या टेम्पोत चढवला. मुलीच्या फोनवर तोवर नंबर बंद झाल्याचं आलं असणार. तिनं फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. दौंडवरून न्हावऱ्यामार्गे येणारी गाडी पकडून आली. मला वाटलं आता भांडेल. तिनं पिशवी ठेवली, पदर खोचला, गठ्ठ्याच्या दोऱ्या कापल्या आणि सगळं सतरंजीवर ओतलं. शंभर किलो चिंध्या म्हणजे अर्धी शेड भरली. त्यातून सहा किलो शोधायच्या होत्या.

पहिले काही तुकडे लगेच सापडले. हिरव्यावर चुलीच्या ठिणग्यांची भोकं होती. एकावर तिनं घातलेलं रफू होतं. लेकीच्या लग्नातलं तर रंगानंच ओळखू आलं. मला हुरूप आला. मग एकदम थांबलं. धुऊन विटलेलं कापड सगळं सारखंच दिसतं. निळा म्हणजे किती निळा? पांढऱ्यावर बारीक ठिपका तर निम्म्या तालुक्याच्या बायका नेसतात. काठ लावून बघितले, पण काठाचा रंग आणि अंगाचा रंग माझ्या डोक्यात जुळतच नव्हता.

मुलीनं एक फिकट निळा तुकडा बाजूला ठेवला. आईचं, म्हणाली. मी म्हणालो, हे न्हाई, तिचं जरा गडद होतं. ती म्हणाली, हेच. मी पुन्हा न्हाई म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, तुम्ही तिला नीट बघितलं व्हतं कवा?"

चाळीस वर्षांचा संसार, आणि पाठ गेल्यापासून तर ती रोज माझ्यासमोर पाच हातांवर बसली होती. मला तिचे हात आठवतात, पात्यावरून कापड ओढताना खांदा कसा हलायचा ते आठवतं, शिव्या आठवतात. लुगडं आठवत नाही.

दुपारपर्यंत तीन ढीग झाले. एक तिचा, ओंजळीनं दोनदा उचलावा एवढा. एक नक्की तिचा नव्हे असा, टॉवेल, शर्ट, बनियनचा. आणि तिसरा, जो असेलही, नसेलही. तो सगळ्यांत मोठा. मुलगी म्हणाली, दौंडचं गोडाऊन घेईल हे, उद्या गाडी बोलावते. दुसरा ढीग दे म्हणालो. तिसरा नाही.

"एवढ्याचं करायचं काय मग?"

मला माहीत नाही म्हणालो. नदीत टाकायला एवढं कुणी टाकू देत नाही. जाळायचं नाही. कुणाच्या अंगावर घालायला आता ते कापड राहिलं नाही, वितीवितीचे तुकडे आहेत. तिनं आईचा ढीग आपल्या पिशवीत भरला, मी अडवलं नाही. काठही गुंडाळून नेले. चारच्या गाडीनं गेली. जाताना, जेवत जा, एवढंच म्हणाली.

दुसरा ढीग गेला. पाट आणि विळी एका बोहारणीनं मागून नेली, तिनं आता स्वतः कापायचं ठरवलंय. शेडात तिसरा ढीग आहे. घूस लागू नये म्हणून खाली फळ्या घातल्यात. सकाळी चहा झाला की मी तिथं जाऊन बसतो. एकेक तुकडा उचलून दारातल्या उजेडाला धरतो, बोटांनी चोळून बघतो, आणि कळलं नाही की परत त्याच ढिगावर टाकतो.